घरचा पीसी फॉरमॅट मारायचाय? आधी घरातल्यांना विचारा

२०२५ च्या दिवाळीत मी आमच्या चिंचवडच्या घरचा डेस्कटॉप फॉरमॅट मारला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला होता, बाबांना रोज स्क्रीनवर त्याची सूचना दिसायची आणि ते रोज मला फोन करून ती वाचून दाखवायचे, म्हणून सुट्टीत गेल्यावर एकदाचं उरकून टाकू म्हटलं. विंडोज टाकायला पाऊण तास लागला. त्यानंतर चार दिवस बाबा माझ्याशी नीट बोलत नव्हते.

झालं असं की मी बॅकअप घेतला होता, अगदी शहाण्यासारखा घेतला होता, पण माझ्या अकाउंटचा. बाबांचं लॉगिन वेगळं आणि त्यांच्या डेस्कटॉपवर आमच्या सोसायटीचे तीन वर्षांचे हिशोब, तेही 'नवीन फोल्डर (२)' अशा नावाच्या फोल्डरमध्ये. ते गेलं. रिकव्हरीची सॉफ्टवेअर्स लावून बघितली, काही हाती लागलं नाही, का ते पुढे सांगतो. बरंचसं मग ऑडिटरला पाठवलेल्या मेलच्या अटॅचमेंटमधून आणि प्रिंट काढलेल्या कागदांवरून परत उभं केलं, आणि ते टाईप करायला मीच बसलो होतो.

तर हे जे खाली लिहिलंय ते पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने विंडोज टाकणाऱ्यासाठी आहे. कॉम्प्युटरवाला ३००-५०० घेऊन करून देतो हे खरंय, पण त्याला तुमच्या घरात कोणाचं काय कुठे आहे हे माहीत नसतं, आणि विचारायला त्याला वेळही नसतो.

१. खरंच फॉरमॅट लागणार आहे का ते आधी बघा

पीसी स्लो झाला की आपण लगेच 'फॉरमॅट मारूया' म्हणतो. पण जर विंडोज अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर फॉरमॅट मारून दोन आठवडे बरं वाटेल आणि परत तेच रडगाणं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा, तिथे एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते दिसतं. एचडीडी म्हणजे तीच फिरती डिस्क, एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. एचडीडी असेल तर आधी एक साधी एसएसडी आणा आणि विंडोज तिच्यावर टाका, जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवा. यात एक मोठा फायदा म्हणजे जुन्यातलं काहीच पुसलं जात नाही, विसरलेली फाईल महिन्याभराने आठवली तरी मिळते. माझं मत विचाराल तर जमत असेल तर हाच रस्ता धरा.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट छोटं सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत सांगतं. तिथे निळ्याऐवजी पिवळं किंवा लाल दिसलं तर फॉरमॅटचा विषय सोडा, आधी डेटा बाहेर काढा आणि डिस्क बदला.

दुसरं, विंडोज अजून सुरू होत असेल तर पेनड्राईव्हवरून विंडोज टाकायच्या भानगडीत न पडताही काम होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली) 'रीसेट धिस पीसी' असतं. त्यात 'कीप माय फाईल्स' घेतलं तर फाईली राहतात, सॉफ्टवेअर उडतात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घेतलं तर नावाप्रमाणे सगळं. व्हायरसचा संशय असेल, विंडोज सुरूच होत नसेल किंवा माझ्यासारखा सहा वर्षांचा कचरा साफ करून नव्याने सुरुवात करायची असेल तर पेनड्राईव्हवरून करा.

२. काय काय लागेल

- एक पेनड्राईव्ह, कमीत कमी ८ जीबीचा. तो पूर्ण पुसला जाणार आहे. लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.
- बाहेरची हार्ड डिस्क, बॅकअपसाठी. पेनड्राईव्ह आणि बॅकअप एकच ठेवता येत नाही, हे लिहायची गरज नाही वाटेल पण मला दोघांनी विचारलंय.
- चालू असलेला दुसरा पीसी, किंवा मग हाच पीसी चालू आहे तोवर पेनड्राईव्ह बनवून घ्या.
- पाच-सहा जीबी डाउनलोड होईल इतकं नेट. मोबाईलचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक पुरणार नाही, वायफाय असलेल्या घरी जाऊन करा.
- अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल. का ते आठव्या पायरीत कळेल.
- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड, घरच्या वायफायचा पासवर्ड. कागदावर, पेनने.
- डेस्कटॉप असेल तर स्टार स्क्रू-ड्रायव्हर.
- लाईट. आमच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी लाईट जाते, त्यामुळे गुरुवार सोडून. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरंच चालते का हे आधी बघून घ्या, आमचा यूपीएस नुसता शोभेला आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

३. घरातल्यांना विचारा, मग बॅकअप घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

सी ड्राईव्हमध्ये युजर्स नावाचं फोल्डर असतं. त्यात जितकी नावं दिसतील तितक्या माणसांचे वेगवेगळे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आहेत. तुम्ही तुमच्या लॉगिनने आत बसलात की फक्त तुमचा डेस्कटॉप दिसतो आणि वाटतं की एवढंच आहे. मी हेच केलं. आता प्रत्येक नावाचं फोल्डर पूर्ण कॉपी करा, परवानगी मागितली तर कंटिन्यू दाबा, आणि जमलं तर ज्याचं अकाउंट आहे त्याला शेजारी बसवून विचारा की तू यावर नेमकं काय काय करतोस. 'तुमचं काही महत्त्वाचं आहे का' असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात. 'काल काय उघडलं होतं' असं विचारा.

फाईलींशिवाय ज्या गोष्टी हमखास राहतात त्या अशा.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड. क्रोममध्ये गुगल अकाउंटने सिंक चालू असेल तर काळजी नाही, नसेल तर बुकमार्क एक्सपोर्ट करा. पासवर्डही एक्सपोर्ट होतात, पण ती फाईल उघडी असते, कोणीही वाचू शकतं, काम झालं की ती बॅकअपच्या डिस्कवरूनही उडवा.

स्टिकी नोट्स. आमच्या आईने गॅसचा कंझ्युमर नंबर, लाईटबिलाचा ग्राहक क्रमांक, तीन भावांचे वाढदिवस असं सगळं तिथे लिहून ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन असेल तर परत येतात, नसेल तर नाही. आम्ही नशीबवान, आईने विचारता विचारता सांगितलं, मी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला, तोही बॅकअपच झाला.

आउटलुकमध्ये मेल ठेवत असाल तर त्याची पीएसटी फाईल. टॅली असेल तर डेटाचं फोल्डर कॉपी करा, टॅलीमधूनही बॅकअप घ्या, आणि फॉरमॅट मारायच्या आधी लायसन्स सरेंडर करा, हेल्पच्या मेनूत तो पर्याय आहे. तो न करता पीसी पुसला की नंतर लायसन्स परत चालू करताना डोक्याला ताप. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन असेल तर घाबरू नका, सर्टिफिकेट टोकनच्या आत असतं, फक्त त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण विंडोजला ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) परत टाकावा लागतो.

वनड्राईव्हचा एक घोळ आहे. फाईलच्या शेजारी निळा ढग दिसत असेल तर ती फाईल तुमच्या पीसीवर नाहीच, नेटवर आहे, इथे नुसतं नाव दिसतंय. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या, हिरवी खूण येऊ द्या, मग कॉपी करा.

आणि फॉन्ट. हे मराठी घरांसाठी खास. श्रीलिपी, आयएसएमच्या काळातले जुने फॉन्ट वापरून टाईप केलेल्या वर्डच्या फाईली असतील तर नुसती फाईल वाचवून उपयोग नाही. त्या युनिकोड नाहीत. आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. फॉन्ट गेला की पत्रिकेतल्या 'सस्नेह निमंत्रण'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा ढीग दिसतो. बाबांच्या मेलमधून सापडलेली पहिली फाईल अशीच उघडली, ते म्हणाले व्हायरस आलाय. तर सी ड्राईव्ह, विंडोज, फॉन्ट्स हे फोल्डर उघडून सगळे कॉपी करून ठेवा. एखाद्याच युजरसाठी टाकलेले फॉन्ट तिथे नसतात, ते त्या युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्समध्ये असतात, आणि अ‍ॅपडेटा लपलेलं फोल्डर आहे, व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू केल्याशिवाय दिसत नाही.

आता 'डी ड्राईव्हला ठेवलंय, ते सेफ आहे' याबद्दल. बऱ्याच घरात सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. फॉरमॅट करताना चुकीच्या ओळीवर क्लिक गेलं की डी पण गेला. म्हणून डीचाही बॅकअप बाहेर.

कॉपी झाली की ती डिस्क दुसऱ्या पीसीला लावा आणि दहा-बारा फाईली उघडून बघा. मूळ फोल्डर आणि कॉपीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाईलींचा आकडा ताडून बघा. आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा, काम चालू असताना पीसीला लावून ठेवू नका.

रिकव्हरी होते ना मग एवढं कशाला, असं वाटत असेल तर: जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं बराच काळ तशीच असतात, म्हणून परत मिळायची शक्यता असते. एसएसडीमध्ये ट्रिम नावाचा प्रकार असतो, विंडोज डिस्कला सांगतं की ही जागा आता रिकामी, आणि डिस्क आतल्या आत ती खरंच साफ करून टाकते. बाबांचा सी ड्राईव्ह एसएसडीवर होता. संपला विषय.

४. लायसन्स आणि विंडोज ११ चालेल का

सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली). तिथे 'अ‍ॅक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स' असं दिसत असेल तर की शोधत बसायची गरज नाही, ते लायसन्स तुमच्या मदरबोर्डशी बांधलेलं आहे, त्याच मशीनवर तेच एडिशन टाकलं की नेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. एडिशन मात्र लिहून घ्या: होम, प्रो की होम सिंगल लँग्वेज. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज येतं. होमच्या लायसन्सवर प्रो टाकलं तर ते अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही आणि तुम्ही लायसन्स गेलं म्हणून ओरडत बसाल.

अ‍ॅक्टिव्हेशनचं क्रॅक वापरू नका. अँटिव्हायरस बंद करून टाका असं जे सॉफ्टवेअर सांगतं त्याच पीसीवर तुम्ही नेटबँकिंग करणार आहात. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट न करताही चालतं, कोपऱ्यात खूण दिसते आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, पैसे जमेपर्यंत तसं चालवा.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (दोन्ही मदरबोर्डमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचा आठव्या पिढीचा आय३, तरी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक 'चालणार नाही' म्हणत होतं. कारण टीपीएम होतं पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद होतं. इंटेलच्या मदरबोर्डवर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. चालू केलं, झालं. त्यामुळे नवा पीसी घ्यायला निघायच्या आधी बायोस बघा.

पण थांबा, बायोसमध्ये हात घालायच्या आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली) डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा, प्रो असेल तर बिटलॉकर. चालू असेल आणि तुम्ही टीपीएम किंवा सिक्युअर बूट बदललं तर पीसी सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर डिव्हाइसेसमध्ये मिळते. आधी काढून कागदावर लिहा, नंतर नाही.

मशीन खरंच जुनं असेल तर? विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सपोर्ट संपल्यापासून एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट ठेवलेत, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. नाहीतर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. नुसतं यूट्यूब, मेल आणि बिलं भरणं असेल तर मिंट मस्त चालतं, पण टॅली किंवा जुने फॉन्ट-सॉफ्टवेअर लागत असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

५. पेनड्राईव्ह बनवा

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच मीडिया क्रिएशन टूल घ्या. मित्राने दिलेली, टेलिग्रामवरची, 'सगळी सॉफ्टवेअर आतच आहेत' अशी फाईल नको. टूल चालवा, यूएसबी फ्लॅश ड्राईव्ह निवडा, पुढे जाताना कोणता ड्राईव्ह निवडलाय ते दोनदा वाचा कारण तो पुसला जाणार आहे, बाहेरची डिस्क त्या वेळी लावलेलीच नको. मग जेवून या.

लॅपटॉप असेल तर अजून एक गोष्ट याच वेळी करून ठेवा. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरून वायफायचा आणि इंटेलच्या स्टोरेजचा, म्हणजे आरएसटी किंवा व्हीएमडीचा, ड्रायव्हर उतरवून त्याच पेनड्राईव्हवर एका फोल्डरमध्ये टाका. दर वेळी लागत नाही. लागतो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.

६. पेनड्राईव्हवरून सुरू करा

डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील (आमच्याकडे एसएसडी आणि जुनी १ टीबी) तर पीसी बंद करून, प्लग काढून, कॅबिनेट उघडा (घरात त्याला सगळे सीपीयू म्हणतात, म्हणू द्या) आणि ज्यावर विंडोज टाकायचं नाही त्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन कारणं. एक, चुकून ती पुसली जाणार नाही. दोन, विंडोज कधीकधी स्वतः एका डिस्कवर बसतं आणि सुरू व्हायची फाईल दुसऱ्या डिस्कवर टाकतं, मग पुढे कधी ती दुसरी डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही आणि कोणालाच कळत नाही का.

पेनड्राईव्ह मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, सुरू करा आणि लगेच बूट मेनूची की टपाटप दाबत राहा. डेल, लेनोव्हो, एसर, गिगाबाईटला एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ८, एमएसआयला एफ११. एसरच्या काही लॅपटॉपवर एफ१२ आधी बायोसमधून चालू करावा लागतो. यादीत पेनड्राईव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो घ्या, दुसरा घेतला तर पुढे डिस्कवर 'एमबीआर', 'जीपीटी' अशा भाषेत अडवणूक सुरू होते.

७. भाषा, आणि मग तो पार्टिशनचा पडदा

सुरुवातीलाच भाषा, वेळेचा फॉरमॅट आणि कीबोर्ड विचारतात. सगळे नेक्स्ट नेक्स्ट करतात. इथे फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) घ्या. युनायटेड स्टेट्स राहिलं तर एक्सेल तारीख अमेरिकन पद्धतीने वाचतं, म्हणजे ०३/०४ टाईप केलं की ३ एप्रिलच्या जागी ४ मार्च, आणि १३/०४ टाकलं तर ती तारीखच मानत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स कोणी कधी भरला याचा पार चिवडा होतो. कीबोर्डही इंग्लिश (इंडिया) घेतला तर कंट्रोल, ऑल्ट आणि ४ एकत्र दाबून ₹ येतो. युनायटेड किंगडम घेऊ नका, @ आणि दुहेरी अवतरणचिन्ह आपसात जागा बदलतात आणि पासवर्ड चुकतोय असं वाटत राहतं.

की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की'. एडिशन विचारलं तर कागदावर लिहिलेलंच. नव्या सेटअपमध्ये सगळं डिलीट होईल हे मान्य आहे का असा चौकोन येतो, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण त्या क्षणी काही पुसलं जात नाही. पुसलं जातं ते पुढच्या पडद्यावर.

तिथे डिस्क ०, पार्टिशन (म्हणजे डिस्कचे तुकडे) १, २, ३ अशी यादी दिसते. सी, डी अशी ओळखीची अक्षरं शोधू नका, तिथे ती नसतात किंवा वेगळीच असतात. म्हणून फॉरमॅटच्या आधी विंडोजमध्ये असतानाच डी ड्राईव्हला राइट क्लिक, रीनेम करून इंग्रजीत स्पष्ट नाव द्या, आणि दोन्हींची साईज कागदावर लिहा. इथे मग नाव आणि साईज दोन्हीवरून ओळख पटते. १०० एमबी, १६ एमबी, पाच-सातशे एमबी अशी छोटी पिल्लं दिसतील, ती विंडोजचीच आहेत.

डिस्कवर ठेवायचं काहीच नसेल तर त्या डिस्कची सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट करा, 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरली की ती निवडून नेक्स्ट. छोटी पिल्लं तो स्वतः परत बनवतो. डी ठेवायचा असेल तर जुना सी आणि ती छोटी पार्टिशन डिलीट करा, डीच्या ओळीला हात लावू नका, मोकळी झालेली जागा निवडून नेक्स्ट. आणि खात्री नसेल तर बंदच करा! काही डिलीट केलं नसेल तोवर पेनड्राईव्ह काढून पीसी चालू केला तर अजून जुनं विंडोज जसंच्या तसं आहे, काही बिघडलेलं नाही.

लॅपटॉपवर यादी रिकामीच दिसली, डिस्कच नाही, तर डिस्क मेली असं लगेच समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे होतं. 'लोड ड्रायव्हर' दाबा आणि पाचव्या पायरीत ठेवलेलं फोल्डर दाखवा. ड्रायव्हर उघडलेल्या फोल्डरमध्ये हवा, कंपनीची सेटअप फाईल तशीच ठेवली असेल तर तिथे वाचली जात नाही.

पुढे पीसी आपोआप दोन-तीनदा रीस्टार्ट होतो. पहिल्या रीस्टार्टनंतर परत तोच भाषेचा पडदा दिसला तर तुम्ही गोल फिरताय, पीसी परत पेनड्राईव्हवरूनच सुरू झालाय. पेनड्राईव्ह काढा आणि बंद करून चालू करा.

८. पहिलं लॉगिन

विंडोज ११ इथे नेट मागतं. वायफायची यादीच येत नसेल तर ड्रायव्हर नाही. फोन केबलने लावा, फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा, लगेच नेट येतं.

मग मायक्रोसॉफ्ट अकाउंट. इथे कॉलेजचा किंवा ऑफिसचा ईमेल टाकू नका. मुलाकडे तोच ईमेल असतो म्हणून टाकला जातो, मग घरच्या पीसीवर कॉलेजचे नियम लागू होऊ शकतात, आणि डिस्क लॉक झाली तर तिची की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते, जे कॉलेज सुटलं की बंद होतं. घरातल्या कोणाचातरी कायमचा ईमेल द्या, आणि नवं विंडोज ११ स्वतःहून एन्क्रिप्शन चालू करू शकतं, त्यामुळे ४८ आकडी की आता परत बघून नव्याने लिहून ठेवा. अकाउंटशिवाय पुढे जायच्या युक्त्या नेटवर फिरतात, मायक्रोसॉफ्ट त्या एकेक बंद करत चाललंय, भरवशावर राहू नका.

९. ड्रायव्हर आणि मराठी

विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा, परत चालवा, 'अप टू डेट' येईपर्यंत. बहुतेक ड्रायव्हर यातच येतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली असेल तर कंपनीच्या साइटवरून. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअर्स नकोत, ती स्वतःच कचरा आहेत.

बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नसेल तर घड्याळ आणि टाईम झोन बघा. चुकीच्या तारखेला सर्टिफिकेट मान्य होत नाही. जुन्या डेस्कटॉपवर तारीख रोजच मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, नाण्याएवढा असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

मराठीसाठी सेटिंग्ज, टाईम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अ‍ॅड अ लँग्वेज, मराठी. मूळ कीबोर्ड इनस्क्रिप्टचा येतो. इंग्रजी स्पेलिंगने मराठी टाईप करायची सवय असेल तर मराठीच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड जोडा. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. बाबांचा हात टायपिंग इन्स्टिट्यूटच्या रेमिंग्टनवर बसलेला, तो विंडोजमध्ये नसतो, वेगळा टाकावा लागतो. भाषा जोडली की मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉन्टही सहसा येतात, नाही आले तर ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधा. मग कपाटातली डिस्क काढून जुने फॉन्ट निवडा, राइट क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स'. नुसतं इन्स्टॉल केलं तर फक्त तुमच्या लॉगिनला दिसतील आणि परत फोन येईल.

आणि हो, घरातल्या प्रत्येकाचं लॉगिन परत बनवा, त्यांच्या फाईली त्यांच्याच डेस्कटॉपवर ठेवा, प्रिंटर लावून सगळ्यांच्या समोर एक पान काढून दाखवा.

१०. उरलेलं

काढलेल्या डिस्कची केबल पीसी बंद करून परत लावा. बॅकअपची डिस्क निदान दोन महिने पुसू नका, कारण महिन्या-दोन महिन्यांनी कोणालातरी मागच्या वर्षीचा फॉर्म १६ हवा असतो. पेनड्राईव्हवर चिकटपट्टी लावून 'विंडोज' आणि तारीख लिहा, नाहीतर आठवड्याभरात कोणीतरी त्यात कीर्तनं भरून गाडीला लावतं. आमच्या पेनड्राईव्हवर बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'विचारल्याशिवाय वापरू नये', आणि ते लिहिताना माझ्याकडे बघून लिहिलंय.